मदत हवी आहे: जांभळाच्या वाईनला सडक्या अंड्यांचा वास येतोय, दहा लिटर आहे, वाचेल का?

सुरंगी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, कारण आज-उद्यात काहीतरी ठरवायला हवं. आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. घरामागे आजेसासऱ्यांनी लावलेली जांभळ आहे, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात ती मधोमध फाटली, अर्धी पडवीच्या कौलांवर आली आणि उरलेली अर्धी पण तोडून टाका असं सगळे म्हणत होते, पण सासऱ्यांनी तोडू दिली नाही. त्यानंतर नुसती पानं, आणि या वर्षी अशी लागली की रोज सकाळी अंगण जांभळं. खाऊन झाली, वाटून झाली, रस काढला, तरी उरली. म्हणून ठरवलं की शेजारच्या मावशी नाताळला करतात तशी वाईन करायची. मावशी पावसाळ्यात लेकीकडे पुण्याला असतात, त्यांनी फोनवरून सांगितलं तसं केलं.

चार किलो जांभळं हाताने कुस्करली, बिया तशाच राहू दिल्या. दोन किलो साखर, उकळून गार केलेलं सहा लिटर पाणी. गेल्या वर्षी फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणात सरबतासाठी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सरबत टिकवायची पावडर) आणलेली होती, ती अर्धा चमचा घातली म्हणजे बुरशी नको, आणि दोन तासांनी ब्रेडचं कोरडं यीस्ट घातलं. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार येतो ना त्यात भरलं, झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. दुसऱ्या दिवसापासून जोरात बुडबुडे.

चौथ्या दिवशी वास सुरू झाला. आधी वाटलं घूस मेली की काय. नंतर कळलं की तो नळीतूनच येतोय. खाडीला पूर्ण ओहोटी लागली की तिवरांखालचा काळा चिखल उघडा पडतो, त्याचा कसा वास येतो, अगदी तोच. सासरे म्हणाले तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ असा येतो. आज सहावा दिवस आणि वास वाढलाच आहे. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "असो वास माका कधीच येवक नाय गो बाय," त्यामुळे त्यांनाही सुचत नाहीये. नवरा म्हणतो माडाच्या मुळात ओत. सासरे म्हणतात थांब.

हे खराब झालंय का? प्यायलं तर अपाय होईल का? आणि वास जाणार असेल तर काय करू, कारण या झाडाची ही वादळानंतरची पहिली जांभळं आहेत आणि मला ती अशी ओतायची नाहीत.

द्राक्षवेल:
ओतू नका. नाशिककडे वायनरीच्या लॅबमध्ये सहा वर्षं काम केलंय, हा वास मी दर हंगामात कुठल्या ना कुठल्या टाकीला घेतलाय. पण आधी जरा विचारतो. बुडबुडे अजून चालू आहेत का? चव गोड आहे की कोरडी? अंड्याच्या वासामागे शिरक्यासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास आहे का? जार कुठे ठेवलाय, तिथे उकाडा किती? आणि झाडावर किंवा बाजूच्या कलमांवर गंधकाची फवारणी झाली होती का?

सुरंगी:
बुडबुडे चालू आहेत, पहिल्यासारखे नाहीत, पाच-सहा सेकंदांनी एक. चव घेतली, सरबतापेक्षा बरीच कमी गोड पण गोड आहे, तुरट आहे. शिरक्याचा वास नाही, चिलटं पण धरत नाहीयेत. जार स्वयंपाकघरात चुलीच्या मागच्या भिंतीला, तिथे थर्मामीटर लावला तर ३३ दाखवतोय. फवारणीचं म्हणाल तर शेजारच्या हापूसवर भुरीसाठी गंधक मारतात पण शेवटची फवारणी फेब्रुवारीत झाली, तेव्हा आमच्या जांभळीवर एक फळ नव्हतं.

पाणंद:
एक गोष्ट मध्येच सांगतो, राग मानू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतं, घरच्यासाठी केलं तरी. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या ऑफिसात विचारून घ्या आणि विकण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

सुरंगी:
राग कसला, बरं झालं सांगितलंत. विकायचा विचार कधीच नव्हता. ऑफिसात चौकशी करते.

द्राक्षवेल:
फवारणी नाही म्हणजे मग कारण तुमच्या कृतीतच आहे, आणि एक नाही, तीन आहेत.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. खाडीच्या चिखलातला आणि तुरळच्या कुंडातला वायूही तोच, सासऱ्यांचं नाक बरोबर आहे. लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम असला तरी माणसाला कळतो, त्यामुळे घर भरून वास येत असला तरी प्रत्यक्षात तो फार थोडा असतो. वाईन सडली असा याचा अर्थ नाही, यीस्टला त्रास होतोय एवढाच आहे.

पहिलं कारण उपासमार. यीस्टला साखर म्हणजे नुसता भात. अंग वाढवायला डाळ लागते, ती डाळ म्हणजे नायट्रोजन, आणि तो फळाच्या रसातून येतो. तुम्ही चार किलो जांभळात सहा लिटर पाणी घातलंत, बिया वजा केल्या तर गर किती उरला बघा, आणि वर दोन किलो साखर. दहा लिटरला दोन किलो म्हणजे लिटरला २०० ग्रॅम, साधारण १७ ग्रॅमला एक टक्का धरला तर नुसत्या साखरेतूनच बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होणार. एवढं काम करायचं आणि पोटात नुसता भात. यीस्ट गंधक घेऊन त्यापासून अमिनो आम्लं बनवतं, पण जोडीला नायट्रोजन नसला की ते काम अर्धवट राहतं आणि गंधक वायू होऊन बाहेर पडतो.

दुसरं केएमएस. अर्धा चमचा म्हणजे तीनेक ग्रॅम. एका ग्रॅममधून साधारण ०.५७ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणजे दहा लिटरला १७० पीपीएम, लिटरला १७० मिलिग्रॅम. पन्नास पुरे होते. सरबतात यीस्ट वाढूच द्यायचं नसतं म्हणून तिथलं माप वेगळं, ते माप इथे चालत नाही. शिवाय दोन तासांत यीस्ट घातलंत, चोवीस तास उघडं ठेवायला हवं होतं. उपाशी यीस्टच्या हातात तुम्ही गंधकच दिलात.

तिसरं उकाडा. ३३ म्हणजे भट्टी झाली. २५ च्या आसपास आणा.

आता करायचं काय. आजच सगळं स्वच्छ धुतलेल्या कपड्यातून गाळून बिया आणि सालं काढा, बिया अजून राहिल्या तर तुरटपणा वाढतच जाईल. मग एका पातेल्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून धार धरून तीन-चार वेळा ओता, खिडकी उघडी ठेवून. वायू आहे, हलवला की उडतो. हे आंबणं चालू आहे तोवरच करायचं, बुडबुडे थांबल्यावर अशी हवा दिलीत तर शिरका होईल. नंतर एक चमचा ब्रेडचं यीस्ट कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा आणि ते पाणी घाला. मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं चांगलं खाद्य आहे. थोडी गोडी शिल्लक आहे म्हणून उपयोग होईल, अगदी शेवटी घातलं तर यीस्ट ते घेत नाही. वायनरीत नायट्रोजनसाठी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घालतात पण ते खाण्यायोग्य प्रतीचं. घरात भातासाठी आणलेलं डीएपी खत असेल तर त्याला हात लावू नका.

घाई एवढ्यासाठी की हा वायू तसाच पडून राहिला तर पुढे त्याचं मर्कॅप्टन होतं, मग कांदा, लसूण, जळलेलं रबर असे वास येतात आणि ते नुसतं ओतून उडत नाहीत.

कलमवाला:
तांब्याने हा वास जातो असं ऐकलंय. पोफळीवर कोळे रोगासाठी बोर्डो मारतो त्याचं मोरचूद (कॉपर सल्फेट) प्रत्येकाच्या घरात असतं. चिमूटभर टाकून बघायला काय हरकत आहे?

द्राक्षवेल:
मोठी हरकत आहे. मोरचूद विष आहे. वायनरीत कॉपर सल्फेट वापरतात हे खरं, पण लॅबमध्ये चाचणी करून, लिटरला मिलिग्रॅमच्या हिशोबात, आणि शेवटी किती तांबं उरलं ते मोजून. बोर्डोचं मोरचूद शेतीचं, शुद्धतेची हमी नाही, आणि दहा लिटरला चिमूट म्हणजे किती जास्त होईल ते घरच्या काट्यावर कळणार पण नाही. कृपा करून कोणी करू नका.

तांब्याचा उपयोग फक्त ओळखायला करा. दोन ग्लासांत थोडी थोडी वाईन घ्या, एकात घासून लख्ख केलेला तांब्याचा तुकडा मिनिटभर फिरवा आणि दोन्हीचा वास घ्या. तांबं फिरवलेल्या ग्लासातला वास गेला तर दुखणं गंधकाचंच. तो ग्लास मग ओतून द्या. अख्खी वाईन तांब्याच्या भांड्यात ठेवायची नाही, आंबट तांब्यात कळकतं हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे, इथेही तेच होतं.

खाडीकाठ:
थंड करूचा असात तर मोठ्या घमेल्यात पाणी घालून त्यात जार ठेवा आणि वरसून ओलो पंचो गुंडाळा, पंचाचा टोक पाण्यात बुडाक व्हया. आमची आजी दुधाचो टोप असोच ठेवी. चुलीकडसून मात्र आजच्या आज काढा.

सुरंगी:
काल रात्री सगळं केलं, सविस्तर लिहिते म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

तांब्यासाठी देवाची पळी घ्यायला मन होईना, नवऱ्याने जुन्या वायरीचा वीतभर तुकडा सोलून दिला. आमसूल आणि मीठ लावून घासला, गुलाबी होईपर्यंत. दोन ग्लास घेतले, एकात तार फिरवली. आधी काहीच फरक नाही असं वाटलं म्हणून परत फिरवली. मग वास घेतला तर अंड्याचा वास नाही, आणि खाली जांभळाचा वास. पावसाच्या पहिल्या सरीत झाडाखाली पडलेली जांभळं भिजतात ना, तसा. सहा दिवसांत पहिल्यांदा आला. सासऱ्यांना दोन्ही ग्लास न सांगता हुंगायला दिले, त्यांनी बरोबर तारेचा ओळखला.

मग गाळलं, बिया निघाल्या जवळजवळ किलोभर. पडवीत चार वेळा ओतलं, पहिल्या ओतण्याला वास इतका आला की सगळे अंगणात गेले, चौथ्याला बराच कमी. उकळलेल्या यीस्टचं पाणी घातलं. जार आता न्हाणीघरात घमेल्यात आहे ओल्या पंचासकट, आज सकाळी २७ होतं. वास आहे अजून, पण नाक जवळ नेल्यावर.

द्राक्षवेल:
उत्तम. उद्या आणि परवा एकेकदा ओता, त्यापुढे नाही. बुडबुडे पूर्ण थांबले की आठवडाभरात गाळावरून काढा. तळाचा गाळ म्हणजे मेलेलं यीस्ट, जाड थर साचून राहिला तर तिथूनच परत हाच वास सुरू होतो. नळीने वरचं नितळ काढायचं, नळीचं टोक दुसऱ्या भांड्याच्या तळाशी ठेवा म्हणजे आता हवा लागणार नाही, आणि भांडं गळ्यापर्यंत भरलेलं हवं. केएमएस घालायचंच असेल तर दहा लिटरला ०.९ ग्रॅम, सोन्याच्या नाहीतर औषधाच्या दुकानात वजन करून आणा, चमच्याने नाही.

सुरंगी:
धागा वर काढतेय, सव्वा महिना झाला. ओतल्यावर तिसऱ्या दिवशी वास गेला होता. अकराव्या दिवशी बुडबुडे थांबले, सतराव्या दिवशी गाळावरून काढली, तळाला दोन बोटं जांभळा चिखल होता. नितळ अशी साडेसात लिटर मिळाली, पाच लिटरच्या काचेच्या बरणीत आणि बाकीची बाटल्यांत, सगळं काठोकाठ. तळाची शेवटची अर्धा लिटर गढूळ होती, ती वेगळी ठेवली होती आणि तिला आता खरंच लसणीसारखा वास मारतोय, ती ओतून टाकली. बाकीच्यात नाही. तुरटपणा बराच आहे, तो महिन्यांनी कमी होतो का हे कोणी सांगितलं तर बरं होईल.

द्राक्षवेल:
होतो. बिया सहा दिवस राहिल्या त्याचा तो आहे, चार-सहा महिने प्यायला काढू नका. गणपतीनंतर एकदा परत गाळावरून काढा.

सुरंगी:
ठीक, मग मावशी नाताळला येतील तेव्हाच उघडते. पुढच्या वर्षी सहा किलो जांभळं आणि चार लिटर पाणी असं करायचा विचार आहे, साखर किती घेऊ ते तेव्हा याच धाग्यावर विचारते.