१९७१ ची एमजीबी: सेल्फ दणक्यात फिरतो पण इंजिन पकडतच नाही

लाल_रोडस्टर
नमस्कार मंडळी, मदत हवीये. १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसीचं नेहमीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा) लुकासचा २५डी४ आणि आत अजून पॉइंट-कंडेन्सरच (पॉइंट म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा स्विच, कंडेन्सर त्याच्या जोडीचा), इलेक्ट्रॉनिक काही बसवलेलं नाही. गाडी बरेच महिने झाकून उभी होती, उभी केली तेव्हा एकदम छान चालत होती. आता सीटमागच्या दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून लावल्या, सेल्फ मारला तर इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाही, एक फटका नाही, सायलेन्सरमधून साधा भसकासुद्धा नाही. चावी ऑन केली की मागून पंपाची टिकटिक येते आणि थोड्या वेळाने थांबते. प्लग काढून बघितले तर चारही ओले, पेट्रोलचा वास येतोय.
जो भेटतो तो म्हणतो कॉइल (ठिणगीचं जास्त व्होल्टेज बनवते ती) बदल, नाहीतर कंडेन्सर बदल. पण मला पार्ट मागवायच्या आधी नक्की काय गेलंय ते कळायला हवंय, नाहीतर पाच नवीन पार्ट लावून गाडी तिथेच उभी. टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर आहे, बऱ्यापैकी वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

पाना_पक्कड
तुम्ही अर्धं काम केलंयच. पंप टिकटिक करून थांबतो म्हणजे कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाट्या भरतायत, प्लग ओले म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय, तेव्हा कार्ब्युरेटरला सध्या हात लावू नका, तो नंतरचा विषय. पेट्रोल जुनं झालं असेल तरी इतकं शांत राहत नाही, कुठेतरी एखादा फटका मारतंच. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या असत्या तरी कार्ब्युरेटरमधून नाहीतर सायलेन्सरमधून फटाके ऐकू आले असते. पूर्ण शांतता म्हणजे करंटच नाही असं धरून चाला.
आधी कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध येणारी जाड वायर कॅपमधून (वरच्या झाकणातून) काढा, तिचं टोक इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या धातूपासून साधारण ६ मिमी लांब धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लग आधी परत बसवा आणि वायर कार्ब्युरेटरपासून लांब धरा, पेट्रोलची वाफ असते तिथे, हे फार महत्त्वाचं. निळी कडक ठिणगी आली तर दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा) किंवा प्लग वायरीत. नाही आली तर कॅप, रोटर, प्लग सगळे यादीतून बाद.
मग टेस्ट लॅम्प. एक टोक चांगल्या अर्थला (इंजिनचा किंवा बॉडीचा उघडा धातू), दुसरं कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथे पांढरी वायर येते, चावी ऑन केल्यावर दिवा लागायला हवा. नंतर दुसऱ्या टर्मिनलला लावा, पांढऱ्यावर काळी रेघ असलेली जी वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिकडे, आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट आपलं काम करतायत आणि मग कंडेन्सर, कॉइलवर शंका घ्यायची. दिवा अजिबात लागला नाही तर एकतर कॉइलची आतली वाइंडिंग तुटली किंवा पुढे कुठेतरी कायमचा अर्थ होतोय (पॉइंटचे वॉशर चुकीचे बसलेत, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट). दिवा सतत लागूनच राहिला तर करंटला पॉइंटमधून अर्थला जायला वाटच मिळत नाहीये. या तिन्हीतलं काय होतंय ते सांगा, पुढचं त्यावर ठरेल.

टॉपडाउन
पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा, कटकट संपेल. माझ्या गाडीत आहे, परत कधी झाकण उघडावं लागलं नाही.

ओव्हरड्राइव्ह
@टॉपडाउन मॉड्यूल चांगलंच असतं, पण चालू गाडीत बसवायचं. बंद गाडीत बसवलं आणि मूळ दोष वायरिंगमध्येच असला तर आता दोन गोष्टींवर शंका घ्यावी लागते. आणि त्यातली दोन वायरवाली मॉड्यूलं अर्थ डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या प्लेटमधूनच घेतात, म्हणजे तिथे खराबी असेल तर तीही चालणार नाहीत.
लाल_रोडस्टर, सेल्फ फिरताना कॉइलच्या पांढऱ्या वायरवर किती व्होल्ट उरतात तेही मोजा. बॅटऱ्या ६ व्होल्टच्या दोन आहेत, एकीला जोडून एक, मधल्या जोडवायरीचे क्लॅम्प गंजले तर सेल्फ फिरतो पण कॉइलला उपाशी ठेवतो. साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटऱ्या आणि क्लॅम्प बघा. आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बघा, ती खराब असली की सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून परत जायला बघतो आणि केबल तापते. सेल्फ मारून झाल्यावर चोकच्या केबलला हात लावून बघा, मीटर न लावता कळेल. १९७१ ची गाडी निगेटिव्ह अर्थची आहे, १९६७ पर्यंतच्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या, जुन्या गाडीची माहिती वाचून वायरी उलट्या लावू नका.

लाल_रोडस्टर
धन्यवाद दोघांना. सगळं केलं. जाड वायरला ठिणगी नाही, अजिबात नाही. सेल्फ फिरताना पांढऱ्या वायरवर १०.४ व्होल्ट, चोकची केबल गार. पांढऱ्या टर्मिनलला दिवा लागतो. काळ्या रेघेच्या टर्मिनलला पण लागतो आणि सेल्फ मारला तरी लागूनच राहतो, लुकलुक नाही.

पाना_पक्कड
वा, म्हणजे कॉइलमधून करंट आरपार येतोय, अडतोय तो पुढे. कॉइल बदलायचा विचार बाजूला ठेवा, दोष तिच्यात दिसत नाही.
आता कॅप काढा. सेल्फ मारून रोटर फिरतोय ना ते बघा, फिरत नसेल तर विषयच वेगळा. फिरत असेल तर रोटर काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकला आणि पॉइंट पूर्ण मिटतील तिथे थांबवा. चावी ऑन. मीटरची काळी पिन बॅटरीच्या अर्थला, डिस्ट्रिब्युटरला नाही, आणि लाल पिन एकेका जागी टेकवत जा. पॉइंट मिटलेले असताना चावी उगाच ऑन ठेवू नका, जोडणी परत जुळली तर कॉइल तापते, मोजलं की लगेच ऑफ.
पहिली जागा पॉइंटची हलणारी पत्ती. तिथे ० आणि कॉइलच्या टर्मिनलला १२ असेल तर मधली बारीक वायर आतून तुटलीये, वरून अखंड दिसते पण कापडी आवरणाच्या आत तारा तुटलेल्या असतात. पत्तीवर १२ आलं तर पुढे जा. दुसरी जागा पॉइंटची न हलणारी बाजू, म्हणजे ज्या प्लेटवर पॉइंट स्क्रूने बसवलेत ती प्लेट. तिथे ० असेल तर पॉइंटची तोंडं काळवंडलीत, उभ्या गाडीत हे फार होतं, बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि नंतर पेट्रोलचा नको, चांगल्या क्लीनरचा बोळा फिरवा. आणि प्लेटवरसुद्धा १२ आलं तर मला सांगा.

लाल_रोडस्टर
पत्तीवर १२.३. प्लेटवरसुद्धा १२.३! आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या बॉडीवर ०. रोटर फिरतोय.

ओव्हरड्राइव्ह
सापडलं. ती प्लेट अर्थ असायला हवी आणि तिच्यावर पूर्ण बॅटरी व्होल्टेज आहे, म्हणजे प्लेट आणि बॉडी यांच्यातली जोडणी गेली. २५डी४ मध्ये वरची प्लेट व्हॅक्युमने (इंजिनच्या हवा ओढण्याने) फिरते, म्हणून तिला बॉडीशी जोडायला एक छोटी मऊ वायर असते, प्लेटपासून कडेच्या स्क्रूपर्यंत. प्लेट प्रत्येक वेळी हलते तशी ती वायर वाकते, कितीतरी वर्षं वाकत राहते आणि शेवटी टोकाजवळ तुटते. तुटल्यावरही गाडी चालू शकते कारण खालच्या आणि वरच्या प्लेटचा धातू एकमेकांवर घासत असतो आणि तिथून कसाबसा अर्थ मिळतो. मग गाडी उभी राहिली, ग्रीस वाळलं, थोडा गंज आला आणि तोही रस्ता बंद. उभी करताना छान होती आणि आता पूर्ण मुकी, याचं कारण हेच.
जुनी वायर काढून त्या जागी नवीन लावा, पण साधी घरातली ताठ वायर लावू नका, खूप बारीक तारांची लवचिक हवी आणि थोडी सैल, म्हणजे प्लेट फिरताना ओढली जाणार नाही. सैल पण इतकी नाही की मधल्या शाफ्टला घासेल.

लाल_रोडस्टर
अगदी तेच!! वायर टॅगपाशी दोन-तीन तारांवर लटकत होती, चिमट्याने हलवली तर सुटूनच आली. बारीक तारांची नवीन वायर सोल्डर करून लावली, प्लेट काढून वाळलेलं ग्रीस पुसलं, परत बसवलं, आता प्लेटवर ०. जाड वायरला निळी ठिणगी, चटचट आवाज करत. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, प्लग वाळवून बसवले, चोक ओढला आणि इंजिनने पकडलं! सुरुवातीला एका सिलिंडरवर अडखळलं, मग चारही. इतका आनंद झालाय की काय सांगू, कॉइल कंडेन्सर सगळे जुनेच आहेत आतमध्ये. आता प्लेट काढून बसवली तर अजून काही तपासू का?

पाना_पक्कड
मस्त! हो, दोन गोष्टी. प्लेट काढली म्हणजे पॉइंटची फट हलली असणार, कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी करून घ्या, आणि फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं म्हणून फट आधी, टायमिंग लाइट नंतर, उलट नाही. दुसरं म्हणजे इंजिन बंद असताना व्हॅक्युमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढा आणि कॅप उघडी ठेवून बघा, प्लेट सहज फिरायला हवी, जीभ लावून नळी बंद केली की तिथेच थांबायला हवी आणि नवीन वायर कुठे अडकता कामा नये. प्लेट लगेच मागे आली तर व्हॅक्युमच्या डब्यातला पडदा फाटलाय. गाडी त्याशिवाय चालेल, फक्त हलक्या पायाने चालवताना पेट्रोल जास्त पिईल.

टॉपडाउन
मॉड्यूलचा सल्ला मागे घेतो, निदान आधी मीटर लावायचं हे पटलं. माझ्या गाडीतली ती वायर या सुट्टीत उघडून बघतो.