मदत हवी आहे: तळ्यातून आणलेल्या किलीफिशचे पर कुरतडले जातायत. नक्की कोण करतंय?

सुपारीफूल, १८ जानेवारी

नमस्कार मंडळी. रोज वाचते, पण धागा पहिल्यांदाच टाकतेय. प्रश्न माशांचा आहे, पण खाण्याच्या माशांचा नाही, तेव्हा सुरमईवाल्यांनी खुशाल पुढे जावं.

आम्ही फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ राहतो. ऑक्टोबरमध्ये लेकीने (वय ९) कॉलनीमागच्या तळ्याच्या कडेला, पाण्यातल्या गवतात जाळं फिरवून बादलीत मासे काढले. नवरा म्हणाला, दुकानातून निऑन टेट्रा आणण्यापेक्षा इथलेच पाळू. मलाही ते पटलं. २० गॅलनची लांब टाकी (३० इंची), स्पंज फिल्टर, तळाला वाळू आणि दुकानातून आणलेलं हॉर्नवर्ट (पाणवनस्पती). टाकी महिनाभर नुसती चालवून मगच मासे सोडले, तोवर ते बाहेर टबात होते.

टाकीत काय काय आहे, ते मला समजलं तसं सांगते. सहा बारीक मासे आहेत, तोंडापासून शेपटीपर्यंत काळी नागमोडी रेघ आणि नरांचे पाठीवरचे व पोटाखालचे पर निळे. शोधाशोध करून हे ब्ल्यूफिन किलीफिश, ल्युकानिया गुडेई, असं ठरवलं. हिरवट अंगावर सोनेरी ठिपक्यांचे दोन गोल्डन टॉपमिनो होते. त्यातला एक पहिल्याच आठवड्यात उडी मारून टेबलामागे गेला. सापडला तेव्हा पूर्ण वाळला होता. सासूबाई (सध्या गुहागरहून आल्यात) म्हणाल्या, "सुकट झाली गो." तेव्हापासून झाकण आहे. एक चौकोनी, अंगावर लाल रेघा आणि कुशीवर काळा डाग असलेला फ्लॅगफिश आहे. आणि तीन साध्या करड्या, त्याही किलीच असतील असं धरलं. त्यातली एक मोठ्या पोटाची होती, नोव्हेंबरात तिला पिल्लं झाली! वीसेक तरी असतील. आईंनी तिचं नाव बाळंतीण ठेवलंय आणि तिला वेगळा खाऊ असतो.

आता अडचण. डिसेंबरपासून ब्ल्यूफिनच्या नरांचे पर फाटतायत, कडा कुरतडल्यासारख्या. एक नर गेल्या आठवड्यात गेला. उरलेल्यांचा निळा रंग धुतल्यासारखा फिकट झालाय आणि ते बारीकही दिसतात. संशय अर्थातच फ्लॅगफिशवर, कारण तो दिवसभर सगळ्यांच्या अंगावर धावून जातो. त्याला पाच दिवस टाकीतच जाळीच्या डब्यात कोंडून ठेवला, तरी नवीन पर फाटलेच. हे कसं?

पाण्याची चाचणी: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०च्या आसपास. पाणी कडक आहे. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलते, नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन मारायचं औषध घालून. हीटर २६ अंशांवर आहे, दुकानवाल्याने तसंच सांगितलं होतं. खायला फ्लेक्स. खरं सांगायचं तर ते करड्याच खातात, बाकीचे तोंडात घेऊन थुंकतात.

की सगळेच परत तळ्यात सोडून देऊ? लेक रडेल, पण मासे मरण्यापेक्षा ते बरं.

टवाळ तात्या, १८ जानेवारी

किलीफिश म्हणजे किल्ली हरवलेला मासा का? की किलर? पर कुरतडणाराच किलर असणार. फ्लॅगफिशच्या वतीने वकीलपत्र दाखल करतो, आरोपी कोठडीत असताना गुन्हा घडलाय.

खाडीकिनारा, १८ जानेवारी

तात्या, किलर नाही. इकडे न्यूयॉर्क-न्यूजर्सीत डच लोक आधी आले, त्यांच्या भाषेत 'किल' म्हणजे ओढा किंवा खाडीचा फाटा. आमच्याकडे आर्थर किल नावाची खाडीच आहे. त्या किलमधला तो किली.

सुपारीफूल ताई, मी गेली चार वर्षं ममीचॉग पाळतोय, हीही एक किली, फंड्युलस हेटेरोक्लायटस. इथे गळाला लावायचं आमिष म्हणून बादलीने विकतात, डझनाच्या भावात. कोणी ढुंकून बघत नाही, पण नराचा उन्हाळ्यातला रंग बघितला तर ऑफिसला जावंसं वाटत नाही. हा मासा १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकावरही जाऊन आलाय. पहिले काही दिवस बिचारे गोल गोल कोलांट्या खात पोहत होते. पण तिथे अंड्यांतून निघालेली पिल्लं पहिल्यापासून सरळ पोहली, त्यांना जमिनीची सवयच नव्हती ना.

माझा सल्ला: गॅलनला एक मोठा चमचा मीठ टाका. माझ्या टाकीत पर फाटले की मिठानेच भरून येतात. आणि हीटर कशाला? माझे तर गॅरेजमध्ये १० अंशांवर मजेत असतात.

पाणवठा, १९ जानेवारी

हीटरबद्दल खाडीकिनारा बरोबर. मिठाचं थांबवा.

ममीचॉग दलदलीचा, भरती-ओहोटीतला मासा. समुद्राच्या पाण्यापासून जवळजवळ गोड्या पाण्यापर्यंत सगळं त्याला चालतं. ब्ल्यूफिन गोड्या पाण्यातला, झऱ्यांतला आणि तळ्यांतला. थोडंसं मीठ तोही सोसेल, पण तुमचं हॉर्नवर्ट आधी झडेल, आणि ती वनस्पती तुम्हाला आत्ता मिठापेक्षा जास्त उपयोगाची आहे. मी तुमच्याच फ्लोरिडात, गेन्सव्हिलला असताना सात वर्षं हेच मासे ठेवले होते, म्हणून एवढं ठणकावून सांगतोय.

आधी एक विचारतो. त्या करड्या बायांचे फोटो आहेत का? शेपूट गोल, तोंड वर वळलेलं, पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग? आणि उद्या सकाळी एक काम करा. खायला घालायच्या आधी, दिवा लावून, पंधरा मिनिटं टाकीसमोर नुसतं बसा. हात हलवायचा नाही, नाहीतर सगळे खाऊच्या आशेने काचेला येतात.

सुपारीफूल, २० जानेवारी

मी कामाला पळते म्हणून आई बसल्या, चहाचा कप घेऊन. मी परत आले तर चेहरा पडलेला. म्हणाल्या, "मेली बाळंतीणच गो! मागून येते, चावा घेते नि काही केलंच नाही अशी वर जाते." मग मी संध्याकाळी पाहिलं. खरंच! फ्लॅगफिश नुसता धावतो, त्याचा आवाजच मोठा. चावते ती ही. आणि तिची मोठी झालेली पिल्लंही चावायला शिकलीत.

फोटो जोडलाय. डाग आहे.

पाणवठा, २० जानेवारी

वाटलंच होतं. ती किलीफिश नाहीच. गंबुशिया होलब्रुकी, डास खाणारी. किलीफिश अंडी घालतात, जिवंत पिल्लं देत नाहीत. पिल्लं झाली असं तुम्ही लिहिलंत तिथेच शंका आली होती. तुमच्या भागात जाळं टाकलं की किलींबरोबर ही येतेच, आणि दुसऱ्याचे पर कुरतडण्यात हिचा हात कोणी धरू शकत नाही. (कधी 'लीस्ट किलीफिश' नावाचा एक इवलासा मासा मिळाला तर त्याच्या नावावरही जाऊ नका. तोही पिल्लंच देतो, खरा किली तो नाही. पण तो बापडा गरीब असतो.)

गंबुशिया सगळ्या बाहेर काढा, पिल्लांसकट. एकही ठेवू नका. मादी नराचं बीज साठवून ठेवते, एकटी राहिली तरी पुन्हा वीण होते.

आता बारीक होण्याचं. तळ्यातल्या माशाला फ्लेक म्हणजे अन्न हे माहीतच नसतं. हलेल ते खायचं, एवढंच त्याला कळतं. गोठवलेले ब्लडवर्म, डॅफ्निया, आर्टेमिया (बारीक पाणजीव) आणा. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्याभरात पोटं भरलेली दिसली पाहिजेत. खाऊनही पोट आत आणि विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी असेल तर पोटात जंत समजायचे, तेव्हा पुन्हा लिहा. औषध आधीच घालत बसू नका.

हीटर काढा, पण एकदम नाही. रोज एक अंश खाली. तुमच्याकडच्या झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं आणि तळ्यांचं हिवाळ्यात त्याहून बरंच खाली जातं. वर्षभर २६ अंशांवर ठेवलेला ब्ल्यूफिन लवकर थकतो. त्याला हिवाळा हवा. दिव्याला टायमर लावा, आत्ता दहा तास, मार्चपासून वाढवत चौदा.

रंगाचं थोडं वेगळं आहे. घाबरलेला, उपाशी नर फिका पडतोच. पण या माशात आणखी एक गंमत आहे. दलदलीच्या, चहासारख्या पाण्यात निळ्या परांचे नर जास्त आढळतात, आणि काचेसारख्या झऱ्यांत लाल-पिवळ्या परांचे. काही भाग आनुवंशिक, काही भाग ज्या पाण्यात वाढला त्याचा. तुमच्या तळ्याचं पाणी चहासारखं असेल तर टाकीत वाळलेली पानं टाका. ओकची चालतील, बदामाची तर उत्तमच.

सुपारीफूल, २१ जानेवारी

आईंना कळलं की इथे देशी बदामाची वाळकी पानं पाकिटात घालून डॉलरमध्ये विकतात. दोन तास झाले, अजून हसतायत. "आमच्या परड्यात रोज झाडून जाळतो" हे आत्तापर्यंत तीन जणांना फोनवर सांगून झालं. शेवटी अंगणातल्या ओकचीच घेतली, उकळून.

एकच राहिलं. या गंबुशिया तळ्यात परत सोडल्या तर चालेल ना? त्या इथल्याच आहेत.

पाणवठा, २१ जानेवारी

नाही. इथल्याच असल्या तरी नाही. दोनेक महिने त्या दुकानातल्या वनस्पतीच्या सहवासात होत्या. तिच्याबरोबर कुठले जंतू, कुठल्या गोगलगायी आल्या ते तुम्हाला दिसणार नाही, आणि ते तळ्यात गेलं की परत काढता येत नाही. पाळला तो पाळला. पॅटिओवर मोठा टब ठेवा, त्यात सोडा, डास खातील. पावसाने भरून वाहणार नाही अशा जागी.

आणि परवाना काढलात का? फ्लोरिडात गोड्या पाण्यातले मासे जाळ्याने धरायलाही फिशिंग लायसन्स लागतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. सरकारी उद्यानांतून काहीच उचलायचं नाही, आणि राज्य बदललं की नियम बदलतात.

टवाळ तात्या, २१ जानेवारी

म्हणजे मूळ प्रश्न हा, की जाळं कोणाच्या हातात होतं?

सुपारीफूल, २१ जानेवारी

लेकीच्या. (बादली नवऱ्याच्या हातात होती. त्याने आज ऑनलाइन परवाना काढला.) आई म्हणाल्या, पासष्टच्या वरच्यांना माफ आहे असं वाचलं, मग मीच धरते. ते फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे, त्या व्हिजिटर आहेत. हिरमुसल्या.

चिंगळी, २२ जानेवारी

मध्येच घुसते. मी पुण्यात आहे, हे ब्ल्यूफिन इथे मिळतील का? फोटो बघून जीव अडकलाय.

पाणवठा, २२ जानेवारी

कशाला? आपल्याकडे कोकणात ओढ्यांत, विहिरींत अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस आहे. डोक्यावर चमकता ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात थांबणारा. अस्सल किलीफिश, ब्ल्यूफिनपेक्षा मोठा आणि रंगाला कमी नाही. तुमचं पाणी, तुमची हवा त्याला आधीच मानवते. टाकीला झाकण मात्र लागेल, तोही उड्या मारतो. आणि जाताजाता, डासांसाठी भारतात जी गंबुशिया आणून सोडली ती मूळची इकडचीच. स्थानिक बारक्या माशांना ती तिथेही सुखाने जगू देत नाही.

सुपारीफूल, १६ मार्च

धागा वर काढतेय. ब्ल्यूफिन पाचही जिवंत, दोन नर, तीन माद्या. पर भरून आले. एक नर आता इतका निळा झालाय की लेकीच्या मैत्रिणी बघायला येतात. फ्लॅगफिशची जाहीर माफी मागितली. तो अजून धावतोच, पण काचेवरचं शेवाळ एकट्याने साफ केलंय. टॉपमिनो वेगळ्या टाकीत हलवला, तोंड मोठं आहे त्याचं. टबातल्या बाळंतिणीला आई जायच्या दिवशी सकाळी भेटून गेल्या.

मुख्य बातमी: अंडी घालायला अ‍ॅक्रिलिक लोकरीचा झुपका बुचाला बांधून टाकीत सोडला होता. काल त्यात अंडी सापडली! मोहरीपेक्षा बारीक, पारदर्शक. अकरा मोजली. वेगळ्या डब्यात टाकीतलंच पाणी घालून ठेवलीत. आज त्यातली दोन पांढरी झाली. काही चुकलं का?

पाणवठा, १६ मार्च

चुकलं नाही, ती फळलीच नव्हती. ड्रॉपरने लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजारच्यांना लागेल. डब्यात थोडं हॉर्नवर्ट टाका, झाकून ठेवा. साधारण दहा ते चौदा दिवसांत फुटतील. पिल्लं फार बारीक असतात, ताज्या उबवलेल्या आर्टेमियाही पहिल्या दिवसांत तोंडात मावत नाहीत. तेव्हा आजच एका बरणीत तळ्याचं नको, टाकीचं पाणी घ्या, त्यात वाळलेलं पान आणि लेट्युसचा तुकडा टाकून खिडकीत ठेवा. अंडी फुटेपर्यंत त्यात सूक्ष्मजीव तयार झालेले असतील. आठवडाभर ते, मग आर्टेमिया.

झुपका रोज तपासा. मोठे मासे अंडी खातात, आई-बापसुद्धा.

सुपारीफूल, १६ मार्च

लेट्युस नाहीये, कोबी चालेल का?

पाणवठा, १६ मार्च

चालेल. वास मात्र येईल, बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका.