फायरफ्लाय बघून संपली, कॉमिक्स कुठून सुरू करू? बाबांसोबत वाचायचीत

पायरीवरची:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. गेल्या दोन महिन्यांत मी आणि बाबांनी मिळून फायरफ्लाय या अंतराळातल्या मालिकेचे १४ च्या १४ भाग बघितले. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, अंतराळ वगैरे त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. पण आउट ऑफ गॅस नावाचा भाग लागला, ज्यात इंजिनातला एक छोटासा पार्ट जातो आणि अख्खं यान अंधारात बंद पडतं, तेव्हा ते ताट तसंच ठेवून पुढे सरकून बसले. "स्पेअर नसताना गाडी काढायला लावली की असंच होतं" म्हणाले आणि तिथून ती गाडी त्यांची झाली.

आता प्रॉब्लेम असा की मालिका मधेच तुटते. मला कळलंय की पुढची गोष्ट कॉमिक्समध्ये आहे पण नावं इतकी आहेत की कुठलं आधी कुठलं नंतर काही समजेना. बाबांना एकच गोष्ट हवीय, तो पाद्री बुक मुळात कोण होता? सेफ भागात त्याला गोळी लागते आणि अलायन्सचे, म्हणजे तिथल्या सरकारचे, लोक आधी नाही म्हणतात, मग त्याचं कार्ड बघून लगेच उपचार करतात, ते का? रोज विचारतात. मी कॉमिक्स कधी वाचली नाहीयेत, बाबांचं इंग्रजी कामापुरतं आहे, मी वाचून सांगणार. कुठून सुरू करू?

निशाचर:
आधी एक विचारतो, मालिकेची गोष्ट पुढे नेणारा २००५ चा सेरेनिटी चित्रपट बघितलात का? नसेल तर कॉमिक्सच्या दुकानात पाऊल टाकू नका, कव्हरवरची मागची माहितीसुद्धा वाचू नका. अर्ध्या कॉमिक्समध्ये चित्रपटात काय होतं ते पहिल्या पानावरच फुटतं.

पायरीवरची:
नाही बघितला अजून. बरं झालं विचारलंत.

जुना_वाचक:
निशाचर यांना पूर्ण अनुमोदन, पण एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दोज लेफ्ट बिहाइंड. हे डार्क हॉर्स प्रकाशनाने २००५ मध्येच काढलं, तीन अंक, गोष्ट मालिका घडवणाऱ्या जॉस व्हीडनची स्वतःची, सोबत ब्रेट मॅथ्यूज, चित्रं विल कॉनराडची. हे चित्रपटाच्या आधी वाचायचं कारण ते लिहिलंच आहे त्यासाठी. मालिकेच्या शेवटी इनारा यान सोडून जायचं म्हणते पण जात नाही, आणि चित्रपट सुरू होतो तेव्हा ती यानावर नाही, बुकही नाही. मधे काय झालं? ते इथे आहे. पहिल्या भागातला तो सरकारी एजंट डॉबसन आठवतोय, कप्तान मॅल ज्याला गोळी घालून बाहेर फेकतो? तो परत येतो, एका डोळ्यानिशी, आणि सोबत निळ्या हातमोज्यांची ती जोडी. तेव्हा तिन्ही अंकांची मिळून नऊ कव्हरं निघाली होती, यानावरच्या नऊ जणांपैकी प्रत्येकाचं एक, मी त्यातलं केलीचं अजून जपून ठेवलंय.

चेहरे अगदी नटांसारखे काढलेत त्यामुळे बाबांना कोण कोण ते लगेच कळेल, पहिल्यांदा कॉमिक वाचणाऱ्याला याचा फार उपयोग होतो.

कोकणकडा:
मी जरा वेगळं बोलतो. मी एक्स फाइल्सच्या कॉमिक्समध्ये मनापासून गुंतलो होतो, २०१३ मध्ये सीझन टेन म्हणून सुरू झाली, ख्रिस कार्टरचं नाव होतं त्यावर, सगळ्यांना वाटलं हीच आता पुढची खरी गोष्ट. मग २०१६ मध्ये टीव्हीवर मालिका परत आली आणि वेगळ्याच वाटेने गेली, कॉमिक्समधलं सगळं बाजूला पडलं. तेव्हापासून मला वाटतं की कॉमिकमध्ये जीव अडकवू नये. हवं तर वाचा, पण ते "पुढे खरंच असं झालं" म्हणून धरू नका.

जुना_वाचक:
कोकणकडा, तुमचं दुखणं समजतंय, पण इथे तसं नाहीये हो. ज्यांनी मालिका लिहिली त्यांनीच पेन उचललंय, निदान डार्क हॉर्सच्या सुरुवातीच्या पुस्तकांत तरी. आणि बुकचं पूर्वायुष्य टीव्हीवर कधीच आलं नाही आणि आता येणारही नाही, बुकचं काम करणारे रॉन ग्लास २०१६ मध्ये गेले. जे आहे ते कागदावरच आहे. माझ्यासाठी तेच खरं.

निशाचर:
हो, आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द शेफर्ड्स टेल. २०१०, झॅक व्हीडनची पटकथा, चित्रं ख्रिस सॅमनीची. सुटे अंक नाहीत, एकच पातळसं पुस्तक. पण हे चित्रपटानंतरच, कृपया. ते उलटं जातं, म्हणजे शेवटच्या दिवसापासून सुरू होतं आणि पान उलटत जाल तसे तुम्ही मागे मागे जाता, यान, त्याआधी मठ, त्याआधी आणखी काय काय, थेट लहान पोरापर्यंत. मधे एक जागा आहे, सगळं गमावलेला हा माणूस समोर सूपचा वाडगा घेऊन बसलाय आणि त्या वाडग्याकडे बघता बघता त्याला देव सापडतो. ना चमत्कार ना आकाशवाणी, साधं सूप. मी ते पान किती वेळा उघडलं असेल मोजलेलं नाही. ते कार्ड कुणाचं होतं हे त्यानंतर कळायला लागतं, म्हणून घाई करू नका.

सांजवेळ:
चित्रपटानंतरचं पुढे काय हवं असेल तर लीव्ह्ज ऑन द विंड, २०१४, सहा अंक, जॉर्जेस जेंटीची चित्रं. गोष्ट चांगली पण चेहरे थोडे मोकळे काढलेत, सवय व्हायला वेळ लागतो. त्यानंतर नो पॉवर इन द व्हर्स, ते मला तितकं नाही भिडलं. २०१८ पासून हक्क बूम या प्रकाशनाकडे गेले, ग्रेग पाकने लिहिलेली युनिफिकेशन वॉर मॅल आणि झोईच्या लढाईच्या दिवसांत जाते, ती आवडेल बाबांना.

विकत घेताना एक बघा, बूमने जुन्या डार्क हॉर्सच्या कॉमिक्सचे लेगसी एडिशन म्हणून जाड खंड काढलेत, सुटं शोधण्यापेक्षा ते परवडतं. मी एका साइटवरून सुटी पुस्तकं मागवली होती, दोन आठवड्यांनी कोपरे दुमडलेली आली आणि एक तर आलंच नाही, तेव्हापासून खंडच घेते. आणि फोनवर नका वाचू, अक्षर बारीक असतं, बाबांना त्रास होईल. मोठा टॅब असेल तर ठीक, एकेक चौकट मोठी करून दाखवता येते.

पायरीवरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी दोज लेफ्ट बिहाइंड, मग चित्रपट, मग शेफर्ड्स टेल, असं वहीत लिहून घेतलं. भावाचा टॅब आणलाय.

पायरीवरची:
महिनाभराने परत येतेय. सगळं क्रमाने झालं. चित्रपटानंतर बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत, मीही नाही विचारलं. काल रात्री शेफर्ड्स टेल घेतलं, मी वाचत होते आणि मराठीत सांगत होते, ते चष्मा लावून चित्रं बघत होते. सूपच्या पानावर त्यांनी माझा हात धरला, पान पुढे नेऊ दिलं नाही. बराच वेळ बघत होते. नंतर शेवटपर्यंत गेलो, त्या लहान मुलापर्यंत, तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी टॅब बंद करायला गेले तर म्हणाले, "थांब, आता इथून सुरू कर आणि मागे ने, त्याला सरळ जगू दे की एकदा."

मग शेवटच्या पानावरून पहिल्याकडे वाचत आलो.