अंबाझरीचा पूर: हवामानबदल किती, सांडवा किती?

उतारमाप (धागाकर्ता):
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात साधारण चार तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून थेट मोरभवन बसस्थानकापर्यंत घुसली. तेव्हापासून एकच पालुपद: हवामान बदललं, त्याला आपण काय करणार? मला ही पळवाट वाटते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पूर्वी जी सर १०० मिमीची होती ती आता १०७ ची. सात मिमीने बसगाड्या बुडतात का?

त्यापेक्षा सांडवा बघा, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी बाहेर सोडणारी वाट. रुंद माथ्याच्या सांडव्याचा विसर्ग म्हणजे १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. समजा ३० मीटरचा सांडवा आहे (आकडा उदाहरणापुरता) आणि माथ्यावर एक मीटर पाणी आहे: सेकंदाला ५१ घनमीटर निघतात. बांधकामाने १० मीटर अडवले, तर तेवढंच पाणी काढायला पातळी १.३१ मीटर लागते. एक थेंब जास्त न पडता ३१ सेंटिमीटर चढले! १८७० सालच्या मातीच्या बांधाला हे परवडत नाही. माथ्यावरून पाणी गेलं की बांध मागच्या उतारावरून खणला जातो.

ढगपाहणी:
साफ असहमत. तुम्ही सरीचा आकार मोजता, ती किती वेळा येते ते सोडून देता. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांचं हवामानबदलावरचं मंडळ) सहाव्या अहवालानुसार पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारा अतिवृष्टीचा दिवस, एक अंश तापमानवाढीला १.३ पट आणि दोन अंशांना १.७ पट वारंवार येतो. म्हणजे दहा वर्षांची सर सहा वर्षांत. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, त्यामागे अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. शिवाय वाढीव पाऊस मुरत नाही, तो सरळ वाहतो. १०० पैकी ४० मुरले तर ६० वाहतात; १०७ झाले तर ६७. पाऊस ७ टक्के वाढला, पाणी १२ टक्के.

काळीमाती:
सप्टेंबरात ४० मिमी मुरून राहिले कुठं, भाऊ? काळी माती जुलैतच फुगून भेगा बुजवते, तलावही काठोकाठ असतो. १० मुरले धरा: ९० चे ९७, म्हणजे आठ टक्केही नाही. तुमचं गणित जूनमध्ये चालते.

मोठा घोळ काँक्रीटचा. एक चौरस किलोमीटरवर चार तासांत १०० मिमी म्हणजे सेकंदाला सुमारे ७ घनमीटर. मोकळ्या जमिनीवर त्यातले दोन नाल्यात येतील, सिमेंट रस्ते आणि फरसबंद आवारांतून सहाच्या वर. इथं तिप्पट वाढ दिसते, सात टक्के नाही.

उतारमाप:
हेच तर. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे नुसता जोरदार पाऊस. विमानतळावरची पहाटे साडेपाचपर्यंतची सुमारे १०६ मिमीची नोंद 'अति जोरदार' सुद्धा नव्हती.

ढगपाहणी:
ती वर्गवारी दिवसाची आहे. नाला तासाच्या पावसाने भरतो. १०६ मिमी दिवसभर रिपरिपले तर नाग नदी सहज वाहून नेईल, आणि तासाभराच्या सरींचाच जोर तापमानाबरोबर सर्वांत लवकर वाढतो.

पूररेषा:
दोघेही छोट्या नाल्याचा हिशेब मोठ्या नदीला लावू नका. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला महापूर आला तो मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने. भंडारा, गडचिरोलीत स्थानिक पाऊस किती, हा प्रश्नच गौण होता. मोठ्या नदीत पूर्वओली जमीन, धरणातला शिल्लक साठा, उपनद्यांच्या लाटा एकाच वेळी पोचणं, हे सगळं ठरवतं. म्हणून अतिवृष्टी वाढल्याची खात्री जितकी, तितकी सगळ्याच नद्यांच्या पुराबद्दल नाही.

नदीकाठी आखलेल्या पूररेषांचं मात्र बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. लाल रेषेवरच्या घराला ३० वर्षांत एकदा तरी पूर लागण्याची शक्यता २६ टक्के, तीही जुनं हवामान कायम धरून. जुन्या नोंदींवर आखलेली रेषा आता खरी निळी आहे की लाल?

ढगपाहणी:
म्हणून पावसाळी पाण्याच्या पाइपांच्या नव्या कामात २० टक्के वाढीव क्षमता धरा. गोल पाइपात व्यास फक्त ७ टक्के वाढवला की तेवढी मिळते. खर्चाचं रडगाणं नको.

काळीमाती:
पाइपात उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गाळ बसला की पाणी वाहायची जागा २९ टक्के जाते. तुमचे वाढीव २० गाळातच गेले. निविदेत दर ३० मीटरवर चेंबर आणि मेअखेर सफाईची मोजणी लिहून घ्या, मग व्यासाचं बोलू.