'बाटणे', 'धर्मांतर' की 'बाप्तिस्मा घेणे'?

प्रश्न : माझ्या मावशीने साठी उलटल्यावर बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ती ख्रिस्ती झाली. घरात कुणी 'मावशी बाटली' म्हणतं, कुणी 'धर्मांतर केलं'. ती स्वतः 'मी प्रभूची झाले' असं सांगते. तिच्याबद्दल बोलताना कोणता शब्द वापरावा?

उत्तर : ताई, 'बाटणे' आधी बाजूला काढा. तो मुळात श्रद्धेचा शब्दच नाही, विटाळाचा आहे. पाणी बाटतं, सोवळं बाटतं, स्वयंपाक बाटतो. माणूसही तसाच : अमक्याच्या हातचं खाल्लं की बाटला, मनात काही बदललेलं असो वा नसो. इथे इच्छेला जागाच नाही, आणि साठीनंतर बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईची इच्छा हीच तर मुख्य गोष्ट.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्या पुन्हा नवऱ्याकडे राहायला आल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळूनच. पुढे जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या झगडल्या आणि आधी जातीचं बंधन टाकलं. कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. लोकांच्या हिशेबी त्या तेव्हाच बाटल्या. ख्रिस्ती मात्र अजून झाल्या नव्हत्या! बाप्तिस्मा नंतरचा. दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते याहून स्पष्ट कुठे दिसणार?

'धर्मांतर' या शब्दात काही वाईट नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून मराठीत त्याला मोठं वजन आहे. कागदोपत्री, बातमीत तोच योग्य. घरात बोलताना जरा कोरडा वाटतो, इतकंच.

'बाप्तिस्मा' मूळ ग्रीक, अर्थ पाण्यात बुडवणं. क्रियापदाकडे लक्ष द्या : तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा 'देतात', जाणती व्यक्ती तो 'घेते'. 'मावशीने बाप्तिस्मा घेतला' म्हटलं की निर्णय तिचा, हे आपोआप येतं.

आणखी एक प्रतिसाद : यात 'साक्ष देणे'ही हवं. कोर्टातली नव्हे. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) उपासनेच्या वेळी एखादी बाई उठते, पदर सावरते आणि प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगते. ती साक्ष. रोजच्या वागण्यालाही हाच शब्द : जेवणाआधी चारचौघांत डोळे मिटणं, विचारलं तर न लपवता सांगणं. अशा माणसाला 'बाटगा मोठ्याने बांग देतो' ही म्हण ऐकवतात, ते मला फार लागतं. उतारवयात नातलगांचा रोष पत्करून जे धरलं, ते दारामागे का ठेवायचं? आणि उघडपणे जगायचं म्हणजे मागचं सगळं पुसायचं असंही नाही. ना. वा. टिळक तर तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनं केली. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही पेटीच्या साथीने म्हणतात.

मूळ उत्तरकर्ता : 'साक्ष' राहूनच गेली होती, छान भर घातलीत. ताई, 'प्रभूची झाले' हे मावशीचं स्वतःचं बोलणं आहे, ते तिच्याच तोंडी राहू द्या. तुम्ही 'बाप्तिस्मा घेतला' किंवा सरळ 'ख्रिस्ती झाली' म्हणा. 'ख्रिश्चन'ही चालतं, पण मराठी मंडळींत 'ख्रिस्ती'च अधिक रुळलेला आहे.