शेजाऱ्याचं किती सहन करायचं? तुमचे अनुभव लिहा

वरच्या बाथरूमची गळती आम्ही चार वर्षं सोसली. बेडरूमच्या छताला पोपडे, कपाटामागे बुरशी, शेवटी ट्यूबलाइटच्या वायरीवरून पाणी उतरायला लागलं. वरचे काका-काकू चांगले, दिवाळीला फराळाची ताटं जायची-यायची, म्हणून तोंड उघडवेना. सोसायटीला पत्र दिलं तर सेक्रेटरी म्हणाले, आपसात मिटवा. मग सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियमावली, काढून वाचले. सामायिक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याच्या घरातली, त्याने. मी प्लंबरला घेऊन वर गेले, नहाणी ट्रॅपपाशी (बाथरूमचं पाणी वाहून जातं तिथे) रंगीत पाणी सोडलं. सकाळी आमच्या छतावर तोच लाल डाग. काकांनी मुकाट्याने फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. काकू मात्र अजून बोलत नाहीत. पहिल्याच वर्षी बोलले असते तर एवढं तुटलं नसतं, असं राहून राहून वाटतं.

तुमची सबुरी कुठे संपली?

---

आमचा शेजार बांधाचा, त्यातून भाऊबंदकी. चुलते दर नांगरटीला एकेका सरीएवढा बांध कोरायचे. वडील म्हणायचे, जाऊ दे, वीतभर जमिनीसाठी भाऊ तोडायचा का? तीन फुटांचा बांध हातभर उरला. मोजणी आणली, खुणा रोवल्या, चार दिवसांत त्या उपटलेल्या. तेही गिळलं.

पण तोडणीच्या तोंडावर त्यांनी वहिवाटीचा रस्ता चर खणून अडवला. ऊस उभा, ट्रॅक्टर आत जाईना. त्या रात्री वडील जेवले नाहीत. सकाळी स्वतःच म्हणाले, चल तहसीलला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली अर्ज केला. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ जण गावकीच्या बैठकांत ती मुदत घालवतात. स्थळपाहणी झाली, रस्ता मोकळा झाला. बांधाचं अजून तसंच आहे.

---

समोरच्या बंगल्यात हळदीचा डीजे. आई बायपास होऊन आठच दिवस झाले होते. दोनदा हात जोडून सांगून आलो. साडेअकराला ११२ लावला. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद हा २००० सालापासूनचा नियम आहे. सणासुदीला सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. हळद त्यात येत नाही. लोक म्हणाले, लग्नघरी पोलीस आणले. हो, आणले. पुन्हाही आणेन.

---

मी दुसऱ्या बाजूची. माझा मुलगा स्वमग्न आहे, पहाटे पाचला उठून उड्या मारतो. खालच्या आजी एकदा वर आल्या, मला दारातच रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "उडू दे गं त्याला. फक्त माझ्या डोक्यावर नको, स्वयंपाकघराच्या बाजूला उडव." आम्ही गादी तिकडे हलवली, खाली फोमच्या चटया घातल्या. त्या आल्या नसत्या तर आवाज खाली किती जातो हे मला कळलंच नसतं. रागावून न येता त्या आल्या, याचं मोल मी कसं सांगू!

---

धागाकर्तीला विचारायचंय, रंग कुठला वापरलात? आमचीही हीच रड आहे.

---

साधा खाण्याचा लाल रंग. ट्रॅपला बोळा घालून रात्रभर पाणी तुंबवून ठेवलं. वरच्यांना समोर उभं करूनच करा.