मदत हवी आहे: हिटमॅन ३ फक्त एपिकवर, माझे जुने दोन्ही भाग स्टीमवर. घेऊ का थांबू? (जानेवारी २०२१)

मंडळी, येत्या बुधवारी २० तारखेला हिटमॅन ३ हा गेम येतोय आणि माझं अजून काही ठरेना. पीसीवर पहिलं वर्षभर तो फक्त एपिकवर (स्टीमसारखंच गेम विकणारं ऑनलाइन दुकान) मिळणार हे ऑगस्टमध्येच कळलं होतं, तेव्हा म्हटलं एक लाँचर (त्या दुकानाचं अ‍ॅप) जास्त टाकू, त्यात काय एवढं. पण या मालिकेची गंमतच अशी आहे ना की जुन्या भागांच्या लेव्हल्स नव्या भागात आणता येतात, पॅरिस, सापिएन्झा, मायामी सगळं एकाच मेनूत, आणि माझा पहिला भाग आणि हिटमॅन २ चं गोल्ड एडिशन दोन्ही स्टीमवर. गेमवाल्यांनी आधी सांगितलं होतं की पीसीवाल्यांना पण हे फुकट आणता येईल. आता रिलीज तोंडावर आल्यावर म्हणतायत, जुन्या लेव्हल्ससाठी अ‍ॅक्सेस पास घ्या, पहिल्या भागाचा सुरुवातीचे थोडे दिवस फुकट आणि दुसऱ्याचा ८० टक्के सवलतीत. अहो सवलत कसली, घेतलेल्या गोष्टीचे परत पैसे!

मला खरा जीव आहे तो मुंबईच्या लेव्हलमध्ये. मेलस्ट्रॉम, म्हणजे ज्याला मारायचं तो, त्या गर्दीत कोण आहे हेच आधी माहीत नसतं, शोधून काढायचा, मग न्हावी बनून त्याची दाढी करायला उभं राहायचं आणि हातात वस्तरा. चाळी आणि धोबीघाट बघून थोडं हसू येतं पण गर्दी झकास जमलीये. ती लेव्हल नव्या ग्राफिक्समध्ये खेळायला मिळणार नसेल तर मी नुसत्या दुबई-बर्लिनच्या नव्या लेव्हल्ससाठी आत्ता पूर्ण पैसे का घालू? का सरळ पुढच्या जानेवारीपर्यंत कळ काढू आणि स्टीमवरच घेऊ? आणि हिटमॅन २ मधली मास्टरी (प्रत्येक लेव्हलमधली प्रगती), अनलॉक केलेली हत्यारं, ते सगळं एपिकवर येतं की शून्यापासून सुरू? कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा प्लीज.

रात्रपाळी: प्रोग्रेसचं टेन्शन घेऊ नका, ते स्टीमकडे नसतंच, गेम बनवणाऱ्या आयओआयच्या सर्व्हरवर असतं (म्हणून तर नेट गेलं की मास्टरी वाढत नाही). आयओआय अकाउंट काढून स्टीम आणि एपिक दोन्ही जोडा, त्यांच्या साइटवरून कॅरीओव्हर होईल. लेव्हल्सचं म्हणाल तर ओरड झाल्यावर त्यांनी जाहीर केलंय की परत विकत घ्यावं लागणार नाही, फक्त ती सोय रिलीजच्या दिवशी नसेल, काही आठवडे जातील. त्यामुळे दुसऱ्या भागाच्या पासवर एक रुपया घालू नका.

कोपऱ्यातला_पंखा: मी तर थांबणार. मेट्रो एक्सोडस गेमचं आठवतंय का, २०१९ मध्ये रिलीजला तीनेक आठवडे असताना स्टीमवरची विक्री बंद करून एपिकवर नेला, बरोबर वर्षाने १५ फेब्रुवारी २०२० ला परत स्टीमवर आला. बॉर्डरलँड्स ३ गेम पण एपिकवरून स्टीमवर सहा महिन्यांत आला. तोपर्यंत पॅचेसही येतात आणि सेलही लागतो.

रात्रपाळी: थांबा की, पण स्पॉयलर कोण टाळणार वर्षभर? शेवटचा भाग आहे गोष्टीचा. आणि थोडं आयओआयच्या बाजूनेही बघा, पहिला भाग स्क्वेअर एनिक्सने काढला, दुसरा वॉर्नरने, हा ते स्वतः काढतायत. प्रत्येक विक्रीतून एपिक १२ टक्के कापतं, स्टीम ३० पासून सुरू. त्यात एक्सक्लुझिव्हचे पैसे वेगळे मिळत असणार. डील केलं म्हणून मी रागावत नाही, पण जुन्या गिऱ्हाईकांचं काय करायचं हे पाच महिने हातात असताना बघायला हवं होतं.

धागाकर्ता: @रात्रपाळी खूप आभार, जीव भांड्यात पडला. प्री-ऑर्डर मात्र करत नाही, त्यावर मिळणाऱ्या ट्रिनिटी पॅकच्या तीन सुटांवाचून माझं काही अडत नाही. इम्पोर्टची सोय खरंच सुरू झाली की घेईन. आता एकच, पहिल्या भागाचा पास फुकट आहे तोवर घ्यायचा तर त्याला हिटमॅन ३ आधी लायब्ररीत असावा लागेल का? तसं असेल तर माझा तो पास गेलाच.

कोपऱ्यातला_पंखा: गेला तर गेला. तुमचा पहिला भाग स्टीमवर आहेच ना, मग तोही इम्पोर्टमधूनच येईल.